घोषणापत्रातला टक्क्यांचा रकाना

पत्र: “रत्नागिरीजवळ कुवारबावला आमची सोळा फ्लॅटची इमारत आहे. खाली पार्किंग, वर चार मजले. आठ फ्लॅट वन बीएचके, आठ टू बीएचके. नऊ घरं बारमाही उघडी असतात, सात मालक मुंबई-ठाण्याला. त्यातले पाच जण, पाचही टू बीएचकेवाले, तीन वर्षं मेंटेनन्स देत नाहीत. ‘आम्ही राहतच नाही, तर लिफ्टचे आणि वॉचमनचे पैसे कशाला?’ असं त्यांचं म्हणणं. मेंटेनन्स सगळ्यांना सारखा, महिना १,२५० रुपये. त्यावर वन बीएचकेवाले नाराज. आता सेक्रेटरींनी नोटीस लावली आहे: थकबाकीवर २१ टक्के व्याज, बंद फ्लॅटला १० टक्के जादा, आणि महिन्याभरात पैसे आले नाहीत तर पाणी बंद. पावसाळ्यात गच्चीचा स्लॅब गळतो. चौथ्या मजल्यावरचे एक मालक ‘गच्ची मला दिलेली आहे’ म्हणत वर पत्र्याची शेड घालायला निघालेत. एक फ्लॅट विक्रीला आहे, त्यांच्याकडे एनओसीसाठी २५,००० मागितले. करारनाम्यात ‘अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खाली डिक्लरेशन केले आहे’ असं वाक्य आहे, पण ते डिक्लरेशन आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही. अपार्टमेंट डीड नऊ जणांचं झालं, सात जणांचं राहिलं. सोसायटीचा कायदा याबद्दल काय म्हणतो?”

नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण गुंत्याचं टोक तिथेच आहे. तुमची सोसायटी नाही. तुमचं अपार्टमेंट आहे, आणि त्याचा कायदा वेगळा आहे. सोसायटी चालते ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० वर. तुमची इमारत चालायला हवी ती महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० वर आणि घोषणापत्राला, म्हणजे तुमच्या करारनाम्यातल्या त्या ‘डिक्लरेशन’ला, जोडलेल्या पोटनियमांवर. सेक्रेटरींच्या नोटिशीतली प्रत्येक ओळ सोसायटीच्या नियमांतून उचललेली आहे. त्यांचा हेतू वाईट नाही, इमारत चालवायची तर पैसे लागतातच. पण दुसऱ्याच्या कायद्यावर उभी केलेली मागणी पहिल्याच वकिली उत्तरात कोसळते, आणि नंतर खरी थकबाकीही संशयात सापडते.

नावावरून मात्र काही ठरवू नका. ‘अमुक अपार्टमेंट सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’ अशा पाट्या गावोगाव आहेत आणि त्या शुद्ध सोसायट्या आहेत. ओळख कागदावरून पटते. सहकार खात्याचं नोंदणी प्रमाणपत्र आणि प्रत्येकाकडे भागपत्र असेल तर सोसायटी. नोंदवलेलं घोषणापत्र आणि प्रत्येक फ्लॅटचं स्वतंत्र अपार्टमेंट डीड, म्हणजे फ्लॅट मालकाच्या नावे करणारं खत, असेल तर अपार्टमेंट. सोसायटीत जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर होते आणि तुम्ही सभासद असता. अपार्टमेंटमध्ये फ्लॅट तुमचा, आणि जमीन, जिना, गच्ची, टाकी यांत तुमचा अविभक्त हिस्साही तुमचाच. तो हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. तो टक्का घोषणापत्रात असतो, आणि तुमच्या पत्रातल्या जवळजवळ प्रत्येक भांडणाचं उत्तर त्या टक्क्यातून निघतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे घोषणापत्राची प्रमाणित नक्कल. ती दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात मिळते, जिथे खरेदीखतं नोंदवतात तिथे. सहकारी संस्थांच्या निबंधकाचं कार्यालय वेगळं. दोन्ही ‘निबंधक’ असल्याने लोक चुकीच्या दारात जातात आणि ‘आमच्याकडे नोंद नाही’ हे ऐकून परततात. ज्यांचं अपार्टमेंट डीड झालं आहे अशा एकाचं डीड उघडा. त्यात घोषणापत्राचा दस्त क्रमांक आणि तारीख दिलेली असते. ती नसेल तर जमिनीचा गट क्रमांक आणि बिल्डरचं नाव घेऊन सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, नोंदवलेल्या दस्तांची यादी) मध्ये शोध घ्या. नक्कल मागताना ‘सर्व जोडपत्रं, पोटनियम व नकाशांसह’ असं अर्जात लिहा. नाहीतर पुढची दहा पानं हातात येतात आणि हवं ते मागेच राहतं.

नक्कल आली की मागच्या बाजूने उघडा. एक तक्ता असतो: फ्लॅट क्रमांक, मजला, क्षेत्रफळ, मूल्य आणि शेवटी अविभक्त हिश्श्याची टक्केवारी. कायदा म्हणतो की हा टक्का फ्लॅटचं मूल्य संपूर्ण मिळकतीच्या मूल्याशी ताडून काढायचा. बरेच बिल्डर तो नुसत्या क्षेत्रफळावरून काढतात. काहीही असो, नोंदवलेला आकडा तोच खरा. पेन्सिल घेऊन रकान्याची बेरीज करा. ती १०० यायला हवी. कधी ९६ येते, कारण खालचा गाळा तक्त्यात घालायचाच राहिलेला असतो. कधी दोन सारख्या फ्लॅटना वेगळे टक्के पडलेले असतात. अशी चूक सभेच्या ठरावाने सुधारत नाही. अपार्टमेंट कायद्याच्या कलम ६ प्रमाणे टक्केवारी कायम स्वरूपाची आहे. ती बदलायची तर सर्व मालकांची संमती आणि दुरुस्त घोषणापत्राची नोंदणी लागते. सर्व म्हणजे सोळाच्या सोळा.

आता मेंटेनन्स. कलम १० स्पष्ट आहे: सामाईक खर्च मालकांवर त्यांच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने आकारायचा. सोसायटीत सेवा शुल्क दर फ्लॅटला सारखं असतं, आणि तिथून ‘सगळ्यांना सारखं’ ही सवय अपार्टमेंटमध्ये शिरते. तुमचे वन बीएचकेवाले बरोबर बोलत आहेत. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही पुण्याच्या एका अपार्टमेंटच्या वादात मोठ्या फ्लॅटने हिश्श्याप्रमाणे जास्त भरायचं, हीच बाजू धरली.

तुमचा तक्ता हाती नाही, म्हणून समजा वन बीएचकेला ५ टक्के आणि टू बीएचकेला ७.५ टक्के लिहिलेत. आठ पाचे चाळीस, आठ साडेसाते साठ, बेरीज शंभर. महिन्याचा खर्च मांडू: वॉचमन आणि झाडलोट ८,५००, सामाईक वीज ३,०००, लिफ्टची देखभाल २,५००, पंप आणि टाकी १,०००, विमा आणि किरकोळ १,०००, दुरुस्ती निधी ४,०००. एकूण २०,०००. सारखं वाटलं तर प्रत्येकी १,२५०, जे तुम्ही आज घेता. टक्क्याने वाटलं तर वन बीएचकेला १,००० आणि टू बीएचकेला १,५००. म्हणजे छोट्या फ्लॅटकडून महिन्याला २५० जास्त घेतले जातात आणि मोठ्याकडून २५० कमी. तीन वर्षांत हा फरक दर फ्लॅटमागे ९,००० होतो.

पाच थकबाकीदारांकडे दावा घेऊन जाण्याआधी हा हिशेब दुरुस्त करा. आजच्या पद्धतीने त्यांच्याकडे ३६ महिन्यांचे ४५,००० निघतात, टक्क्याने ५४,०००. ‘दुरुस्त केलं तर त्यांनाच जास्त पडतं, मग घाई कशाला’ असं वाटेल. पण चुकीच्या आधारावरचं बिल हे समोरच्या वकिलाला मिळालेलं आयतं कोलीत असतं. सभेत कलम १० चा आणि तक्त्याचा उल्लेख करून ठराव घ्या आणि प्रत्येक फ्लॅटचा सुधारित खातेउतारा काढा. ज्यांनी जास्त भरलं त्यांचे ९,००० पुढच्या बिलांत वळते करून घ्या. मोठ्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि नियमित भरणाऱ्या तिघांच्या नावेही ९,००० निघतील. त्यांना ते हप्त्याने भरू द्या, आणि ठरावाआधी त्यांच्या घरी जाऊन समोर बसून आकडे दाखवा. नोटीस बोर्डावर वाचून कळलं तर तुमच्या बाजूची तीन मतं दुखावतील.

‘आम्ही राहतच नाही’ हे उत्तर कायद्याला मान्य नाही. कलम १७ सांगतं की सामाईक जागा वापरायचं सोडलं किंवा फ्लॅटच सोडून दिला, तरी खर्चाच्या हिश्श्यातून मालकाची सुटका होत नाही. पहिल्या मजल्यावरच्याने लिफ्ट वापरत नाही म्हणायचं, तेही याच कलमात बसतं. चाकरमान्यांना हे सांगताना एक गोष्ट जरूर सांगा. बंद घराची राखण उघड्या घरापेक्षा जास्त होते. जुलैत त्यांच्या खिडकीची झडप आपटते तेव्हा वॉचमनच ती बांधतो.

नोटिशीतल्या तीन गोष्टी एकेक करून.

२१ टक्के व्याज ही सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीतली कमाल मर्यादा. तुम्हाला व्याज लावायचं तर तुमच्या पोटनियमांत तशी तरतूद हवी. वाचा, असेल तर तिथला दर लावा, नसेल तर आधी पोटनियम दुरुस्त करा. मागच्या तारखेपासून व्याज लावायच्या मोहात पडू नका.

बंद फ्लॅटला १० टक्के जादा हे दोन ठिकाणी चुकलं आहे. सोसायटीतलं बिनभोगवटा शुल्क हे फ्लॅट भाड्याने दिला तर लागतं, कुलूप लावलं म्हणून नाही. आणि तिथेही ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपुरतंच. अपार्टमेंट कायद्यात असं शुल्क नाहीच. ते काढून टाका.

पाणी तोडू नका. पाण्याचं कनेक्शन तोडलं की पैसे मागणारे तुम्ही आरोपी होता आणि मनाई हुकूम तुमच्याविरुद्ध मागितला जातो. गणपतीत मुलाबाळांसह आलेल्या घराचा नळ बंद असेल, तर शेजारधर्माचं काय उरतं तेही पाहा.

मग हातात काय आहे? एका बाबतीत कायद्याने तुमचा हात बळकट केला आहे. कलम १९ प्रमाणे थकलेला सामाईक खर्च हा त्या फ्लॅटवरचा बोजा ठरतो. त्याच्या पुढे फक्त दोनच गोष्टी: सरकारी व स्थानिक कर, आणि पहिल्या गहाणाची रक्कम, म्हणजे बहुतेक वेळा बँकेचं गृहकर्ज. बाकी सगळ्या बोजांच्या आधी तुमचे पैसे. विक्रीच्या वेळी हे कलम जागं होतं, त्याबद्दल खाली.

वसुलीचा क्रम असा ठेवा. वार्षिक अंदाजपत्रक सभेत मंजूर करून घ्या, नाहीतर बिलाला पाया नाही. बिलावर फ्लॅटचा टक्का, एकूण खर्च आणि त्याचा हिस्सा छापा. बिलं फ्लॅटच्या दारात सरकवून भागणार नाही. मालक मुंबईला असतो आणि दाराखालचा कागद शिमग्यापर्यंत ओल्याने शेवाळतो. करारातल्या कायमच्या पत्त्यावर पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपा, व्हॉट्सॲपवरही टाका. तीस दिवसांची मागणी नोटीस, तिच्यात कलम १०, १७ आणि १९ चा उल्लेख. त्यानंतर वकिलाची नोटीस. कलम ७ प्रमाणे पोटनियम मोडणाऱ्या मालकाविरुद्ध व्यवस्थापक किंवा व्यवस्थापक मंडळ अपार्टमेंट मालकांच्या संघाच्या वतीने नुकसानभरपाई किंवा मनाई हुकूम मागू शकतं. सोसायटीला सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-२९ खाली वसुली दाखला मिळतो तो आपल्याला लागूच आहे, असं गृहीत धरून अर्ज करू नका. कुठल्या दारात जायचं ते अपार्टमेंटची प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाकडून लेखी घ्या. आणि घड्याळ बघा. पैशाच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची आहे. तुमची थकबाकी तीन वर्षांची म्हणता, म्हणजे सर्वात जुना महिना दर महिन्याला हातातून निसटतो आहे. थकबाकीदाराने सहीनिशी ‘इतकी रक्कम देणे आहे’ असं लिहून दिलं आणि ते मुदत संपायच्या आत दिलं, तर मुदत नव्याने मोजली जाते. म्हणून हप्ते मागायला येणाऱ्याला नाही म्हणू नका. फक्त सही घ्या.

हे सगळं करणार कोण? कायद्याला सेक्रेटरी एकटे चालत नाहीत. कलम १६ प्रमाणे मालकांतून व्यवस्थापक मंडळ निवडायचं, त्यातल्या किमान एक तृतीयांश जणांची मुदत दरवर्षी संपायला हवी. अध्यक्ष मंडळातून, चिटणीस इतिवृत्त ठेवणार, खजिनदार हिशेब. आणि मतं डोकी मोजून नाहीत. या कायद्याखालच्या नियमांतल्या नमुना पोटनियमांप्रमाणे मत टक्क्याने मोजतात, आणि ‘मालकांचं बहुमत’ म्हणजे ५१ टक्के मतांचे मालक. गणपूर्तीही तीच. मत स्वतः हजर राहून द्यायचं. तुमच्या घोषणापत्राला जोडलेली प्रत याहून वेगळी असू शकते, तेव्हा आधी ती वाचा.

याचा अर्थ तुमच्या इमारतीत काय होतो ते पाहा. इथे राहणाऱ्या नऊ घरांत सहा वन बीएचके, म्हणजे ३० टक्के, आणि तीन टू बीएचके, म्हणजे २२.५. एकूण ५२.५. सगळे नऊ आले तर सभा होते. एक वन बीएचकेवाला त्या दिवशी डॉक्टरकडे गेला तर ४७.५, आणि सभा तहकूब. नऊ दारांपैकी आठ हजर आहेत म्हणून सभा चालवली, ठराव घेतला, तर तो ठराव टिकणार नाही. हजेरीपत्रकावर सहीशेजारी टक्क्याचा रकाना आखा आणि सभा सुरू करण्याआधी बेरीज मोठ्याने वाचा.

पोटनियम दुरुस्त करायचे तर नमुन्यात एकूण मूल्याच्या ७५ टक्क्यांच्या मालकांची मंजुरी मागितली आहे. ५२.५ मध्ये आणखी २२.५ हवेत, म्हणजे पाच थकबाकीदारांपैकी तिघे, किंवा मुंबईचे दोघे वन बीएचकेवाले आणि थकबाकीदारांपैकी दोघे. ज्यांच्याशी तुमचं वाजलं आहे त्यांचीच सही लागते. दुरुस्ती नोंदवलेल्या दुरुस्त घोषणापत्रात उतरली नाही तर तिला अर्थ नाही; नुसता ठराव फायलीत राहतो. साठ दिवसांहून जास्त थकबाकी असेल तर नमुना पोटनियम मालकाला पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीत मत देऊ देत नाहीत आणि उभंही राहू देत नाहीत. पण ती बंदी निवडणुकीपुरतीच आहे. इतर विषयांवर थकबाकीदाराचं तोंड बंद करू नका.

वार्षिक सभा गणपतीत घ्या. चतुर्थीला नाही, त्या दिवशी कुणाला वेळ नसतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी, आरतीनंतर. मुंबईकर तेव्हा इथे असतात हे एक कारण. दुसरं म्हणजे पाऊस चालू असतो, गळती डोळ्यांनी दिसते, आणि कामाला पुढे कोरडे महिने असतात. मे महिन्यात ठरवलेलं गच्चीचं काम आगोट आली की अर्धवट राहतं. नोटीस मात्र पोटनियमांतल्या दिवसांच्या हिशेबाने लेखी जायला हवी. आयत्या वेळी ‘या हो सगळे खाली’ म्हणून जमलेली सभा ही सभा नव्हे.

आता गच्ची. व्याख्येप्रमाणे छप्पर, जिने, मोकळी जागा, पार्किंग, टाक्या, पंप हे सगळं सामाईक क्षेत्र आहे, घोषणापत्रात वेगळं लिहिलं नसेल तर. काही जागा ठरावीक फ्लॅटसाठी राखून ठेवता येते, तिला मर्यादित सामाईक क्षेत्र म्हणतात. पण ते घोषणापत्रातच लिहिलेलं असावं लागतं. चौथ्या मजल्यावरच्या मालकांकडे बिल्डरची चिठ्ठी किंवा करारातलं एखादं वाक्य असेल आणि घोषणापत्रात काहीच नसेल, तर गच्ची सोळा जणांची. घोषणापत्रात असलं तरी मिळतो तो वापराचा हक्क. कलम ८ प्रमाणे इमारतीच्या सुरक्षिततेला किंवा किमतीला बाधा येईल असं काम करता येत नाही, आणि भर घालणारं मोठं बांधकाम इतर सर्व मालकांच्या एकमुखी संमतीशिवाय करता येत नाही. लोखंडी खांबांवरची शेड त्यात धरूनच चाला.

गळतीचं निदान आधी करा, शेडचं नंतर ठरवा. पावसाळ्यानंतर, गच्ची वाळल्यावर, पाणी निघायची तोंडं गोण्यांनी बुजवा आणि दोन इंच पाणी ४८ तास ठेवा. खालच्या छताला डाग धरला तर गच्चीच गळते. नाही धरला, तर भिंतीच्या भेगा, कठड्याचा जोड किंवा बाथरूमचा पाईप बघा. सामाईक स्लॅबचा खर्च सोळा जणांचा, टक्क्याने. ‘माझ्या घरात गळत नाही’ हे उत्तर नव्हे. फ्लॅटच्या आतल्या नळाची, शौचालयाची, खिडक्यांची दुरुस्ती त्या मालकाची. ही वाटणी नमुना पोटनियमांतही अशीच आहे. बहुतेक वेळा दोष कोब्याच्या उताराचा असतो. पाणी तोंडाकडे जाण्याऐवजी मध्ये डबकं धरतं, आणि कठड्याजवळची गोलाई फुटलेली असते. ते नीट केलं तर शेडची गरज पडत नाही, आणि आमचं मत शेडपेक्षा याच बाजूने आहे.

तरीही सगळ्यांनी मिळून शेड घालायची ठरली, तर सोळाही सह्या, परवानगी देणाऱ्या प्राधिकरणाची लेखी मंजुरी आणि इमारतीचं वजन तपासणाऱ्या अभियंत्याचं पत्र, इतकं हवंच. खारं वारं नुसत्या रंगवलेल्या लोखंडाला तीन-चार पावसाळ्यांतच खातं. गॅल्व्हनाईज्ड पाईप घ्या, आणि खांब नुसते कोब्यात रोवू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीत असंख्य पत्रे उडाले. उडालेला पत्रा कुणाला लागला, तर त्याची जबाबदारी संघाच्या दारात येते. विमा घेताना शेड त्यात घातली आहे का ते विचारा.

विक्रीला निघालेल्या फ्लॅटचं. एनओसीचे २५,००० परत करा. ती सोसायटीतल्या हस्तांतर अधिमूल्याची कमाल मर्यादा आहे, आणि तीही महानगरपालिका क्षेत्रातली. ग्रामपंचायत हद्दीत सोसायटीलासुद्धा ५,००० च्या वर घेता येत नाही. अपार्टमेंटच्या मालकाला फ्लॅट विकायला तुमची परवानगी लागत नाही. तुमचं काम कलम २० मधलं. खरेदीदार विक्रेत्याच्या थकबाकीला त्याच्याबरोबरीने जबाबदार असतो, आणि म्हणून तो संघाकडून थकबाकीचं पत्रक मागू शकतो. पत्रकात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त त्याच्याकडून पुढे मागता येत नाही. म्हणजे घाईत ‘बाकी नाही’ असं लिहून दिलंत तर ते पैसे खरेदीदाराकडून गेले. खजिनदाराने तारीख, फ्लॅटचा टक्का, महिनावार बाकी लिहून सही करावी आणि प्रत फायलीला लावावी. ज्या दिवशी पाचपैकी एखादा फ्लॅट बाजारात येईल, त्या दिवशी हाच कागद तीन वर्षांची थकबाकी एका दिवसात आणून देईल.

राहिलेली सात अपार्टमेंट डीड. याला उशीर करू नका. डीड होईपर्यंत त्या सात जणांना जमिनीतला हिस्सा कागदोपत्री मिळालेला नाही, आणि सातबाऱ्यावर मूळ मालकाचं किंवा बिल्डरचं नाव तसंच राहतं. करारनाम्यावर पूर्ण मुद्रांक शुल्क भरलेलं असेल तर डीडला ते पुन्हा भरावं लागत नाही, नाममात्र शुल्कात काम होतं. मूळ नोंदवलेला करारनामा सोबत न्या. बिल्डर टाळत असेल किंवा हयात नसेल, तर १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्र फ्लॅट मालकी कायद्याच्या कलम ११ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हा उपनिबंधकांकडे, मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्सचा) अर्ज करता येतो. त्या कलमात अपार्टमेंट मालकांच्या संघाचा उल्लेख आहे, ते फक्त सोसायट्यांसाठी नाही. डीड झालं की फेरफाराचा अर्ज त्याच आठवड्यात द्या.

‘त्यापेक्षा सोसायटीच करून टाकू’ असं सभेत कुणीतरी म्हणेल. त्यासाठी आधी मिळकत या कायद्यातून बाहेर काढावी लागते, आणि कलम १४ प्रमाणे त्याला सर्व मालकांची सही आणि ज्यांचा बोजा आहे त्या बँकांची संमती लागते. सोळा सह्या मिळवण्याइतकी एकी झाली, तर सोसायटीची गरजच उरणार नाही.

शेवटी बंद घरांच्या चाव्या, तुम्ही विचारलं नाही तरी. सामाईक भागाची दुरुस्ती करायला किंवा नुकसान टाळायच्या तातडीच्या कामासाठी फ्लॅटमध्ये जायचा हक्क कलम ६ ने संघाला दिला आहे. पण हक्क असला म्हणून कुलूप तोडत बसू नका. गणपतीत प्रत्येक मुंबईकराकडून एक चावी जाड लिफाफ्यात घ्या. लिफाफ्याच्या तोंडावर मालकाची आणि खजिनदाराची आडवी सही, वर चिकटपट्टी. उघडायची वेळ आली तर मालकाला फोन, दोन मजल्यांवरचे दोन मालक साक्षीला, आत जाण्याआधी आणि बाहेर पडल्यावर मोबाइलवर चित्रीकरण, आणि वहीत चार ओळी: वेळ, कारण, कोण आत गेलं, काय बंद केलं. ज्यांना चावी द्यायची नाही त्यांच्याकडून जाताना नळाचा मुख्य कॉक बंद करून, गॅलरीच्या मोरीचं तोंड साफ करून जाण्याचं लेखी घ्या. जुलैत एका बंद गॅलरीची मोरी पानांनी तुंबली की खालच्या घरातल्या भिंती दिवाळीपर्यंत वाळत नाहीत.